दहावीत ऑप्शनला टाकलेला धडा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर पाव पानाची एक जाहिरात होती, तुमच्या लक्षात आली असेल नसेल. "वय वर्षे 12 ते 17 साठी समर कॅम्प, तीन दिवसांत चार्ट वाचायला शिका, सुट्टीतच कमवायला लागा." कोट घातलेला एक माणूस हाताची घडी घालून उभा आणि मागे शेअर बाजाराच्या चार्टमधले ते हिरवे-लाल दांडके. खाली मोबाईल नंबर, फी आणि "जागा मर्यादित". सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर वगैरे काही नाही, मी चष्मा लावून दोनदा शोधला. आमच्याकडे सांगलीत याला पी हळद अन् हो गोरी म्हणतात, आणि हळदीतलं आम्हाला जरा जास्त कळतं.

मी काही शेअर मार्केटची एक्सपर्ट नाही हे आधीच सांगते. 31 वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीच क्लिअरिंगला. आता रिटायर आहे. गेल्या तीन मे महिन्यांपासून सोसायटीच्या पार्किंगमधे संध्याकाळी आठ-दहा मुलं जमवते, आठवी ते अकरावीची, आणि आम्ही शेअर बाजार म्हणजे काय ते बघतो. फुकट आहे, फक्त येताना एक वही आणायची आणि मोबाईल घरी ठेवून यायचं. मोबाईलच्या अटीवर पहिल्या वर्षी चार मुलं कमी झाली. असो.

हे सुरू का झालं तर भाच्यामुळे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, 2024 चा फेब्रुवारी. रात्री साडेअकराला फोन, "आत्या, बाबांना सांगू नकोस." पोटात गोळाच आला, म्हटलं ॲक्सिडेंट केला की काय. तर हॉस्टेल आणि मेसचे भरायचे 62 हजार, वर मित्रांकडून उसने घेतलेले, असे मिळून 1 लाख 38 हजार बँक निफ्टीच्या (मोठ्या बँकांच्या शेअरचा निर्देशांक) ऑप्शनमधे गेले होते, म्हणजे मुदतीच्या आत भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत. सुरुवात 3 हजारांनी केलेली. 200 रुपयांचा कॉल (वर जाईल म्हणून घेतलेला ऑप्शन), 15 चा लॉट, म्हणजे एका वेळी 15 तरी घ्यायचेच, झाले 3 हजार. एका आठवड्यात त्याचे 11 हजार झाले आणि तिथेच घात झाला, कारण पहिल्याच खेपेला हरला असता तर 3 हजारात सुटला असता. मोबाईलवर कुठल्यातरी ग्रुपवर एक "सर" रोज सकाळी काय घ्यायचं ते सांगायचे, त्या सरांचं खरं नाव काय हे यालाही माहीत नाही.

मी रागावले नाही, मी बँकेतली बाई, मी विचारलं की बाळा तू नेमकं विकत काय घेतलं होतंस? म्हणाला बँक निफ्टीचा कॉल. म्हटलं त्यात बँका कुठल्या असतात? गप्प. मग म्हणाला एचडीएफसी असेल. किती असतात? माहीत नाही. तेव्हा बारा होत्या. बरं, कॉल घेतलास म्हणजे तुझ्याकडे काय आलं? तर म्हणाला वर गेलं की पैसे मिळतात. आणि नाही गेलं तर? तर म्हणाला एक्सपायरीला, मुदत संपली की, शून्य. ज्याला आपण काय घेतलंय ते सांगता येत नाही त्याने ते घ्यायलाच कसं मिळतं, याचं मला अजून नवल वाटतं. पण मिळतं, अठरा पूर्ण झाले की आधार आणि पॅन टाकून घरबसल्या खातं उघडतं आणि एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) चालू करायला अजून दोन-तीन कागद. लायसन्स काढायला आरटीओत आठ काढायला लावतात, इथे तेवढंही नाही.

आता गंमत बघा. हाच मुलगा दहावीला गणितात 94 वाला. आणि आपल्या बोर्डाच्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात "अर्थनियोजन" नावाचं अख्खं प्रकरण आहे, 2018 पासून आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहे, म्युच्युअल फंड आहे, एसआयपी सुद्धा आहे. दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली), बाजारभाव, अधिमूल्य (दर्शनी किमतीच्या वर द्यायचे पैसे), दलाली, सगळं. म्हणजे "शाळेत शिकवतच नाहीत" ही जी ओरड आपण करतो ती निदान स्टेट बोर्डाबद्दल खरी नाही. शिकवतात, पण कसं शिकवतात तर शंभर दर्शनी किमतीचा शेअर वीस अधिमूल्याने घेतला, दलाली इतकी, तर एकूण खर्च किती. उत्तर आलं, मार्क मिळाले, संपलं. शेअर कशाचा, त्या कंपनीने काय केलं, वीस रुपये जास्त का दिले, याचा पत्ता नाही. भाचा म्हणाला, आत्या ते जीएसटीचे दोन प्रकार करून गेलो, शेअरचा भाग ऑप्शनला टाकला होता. दहावीत शेअर ऑप्शनला टाकले आणि कॉलेजात पैसे ऑप्शनमधे टाकले! हे त्याचं तोच बोलला आणि स्वतःच हसला, म्हटलं चला, हसतोय म्हणजे सावरला.

तो एकटा नाही हो. सेबीने सप्टेंबर 2024 ला अहवाल काढला त्यात एफ अँड ओ करणाऱ्या 1 कोटीहून जास्त लोकांचा तीन वर्षांचा हिशोब आहे, शंभरातले 93 जण तोट्यात. तिन्ही वर्षं मिळून 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता 1 लाखाच्या वर नफा कमावणारे किती, तर जेमतेम 1 टक्का. आणि तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलेलं. पुढच्या जुलैत परत आकडे आले, तेव्हाही 91 टक्के तोट्यातच. मुलांना मी हे आकडे सांगितले तर एकाने फार शहाणा प्रश्न विचारला, मग काकू ते पैसे गेले कोणाकडे? त्याच अहवालात आहे, 2023-24 मधे मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे 33 हजार कोटी कमावले आणि परदेशी संस्थांनी सुमारे 28 हजार कोटी, आणि बहुतेक नफा कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांतून. म्हणजे आपला पोरगा हॉस्टेलच्या कॉटवर लोळून अंगठ्याने ज्याच्याशी खेळतोय तो समोरचा माणूसच नाही, मशीन आहे.

मग मी काय शिकवते ते सांगते, म्हणजे तुम्हाला पत्र का लिहितेय ते कळेल.

पहिल्या दिवशी शेअर हा शब्दच काढत नाही. सांगते घरी जा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत हातात येणाऱ्या पाच वस्तूंवर कंपनीचं नाव बघून लिहून आणा. मुलं आणतात, कोलगेट, पारले-जी, अमूल, चितळे, नटराज पेन्सिल, कंपासपेटीवर कॅमलिन, मोटरसायकल. मग यातल्या कुठल्या कंपनीचा तुकडा तुम्हाला बाजारात विकत मिळेल ते सांगा. सगळे आधी पारलेवर उडी मारतात. आणि पारले-जी बनवणारी कंपनी बाजारात नाहीच! खाजगी आहे. अमूल सहकारी, तिचा शेअर बाजारात मिळत नाही. चितळे आपल्या भिलवडीचे, घरचा धंदा. नटराजवाले पण बाजारात नाहीत. कोलगेट आहे, ब्रिटानिया आहे, कॅमलिन आहे, पण ती आता कोकुयो कॅमलिन, दांडेकरांनी 1931 ला काढलेली कंपनी 2011 ला जपानी कंपनीच्या हातात गेली. पेन्सिलीवाली डॉम्स 2023 च्या डिसेंबरमधे बाजारात आली. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांना वाटत असतं जे जाहिरातीत दिसतं ते सगळं मार्केटमधे. एका संध्याकाळीत त्यांना कळतं की कंपनी वेगळी, ब्रँड वेगळा आणि शेअर वेगळा.

दुसऱ्या दिवशी मात्र अडचण झाली. मी म्हटलं शेअर म्हणजे मालकीचा हिस्सा, तर नववीतली एक मुलगी म्हणाली, आमच्या आजोबांकडे आहे की शेअर, कारखान्याचा, दिवाळीला साखर मिळते. बरोबरच आहे तिचं! आपल्या भागात शेअर म्हटलं की साखर कारखान्याचा, त्यावर स्वस्तातली साखर घ्यायची पिशवी घेऊन रांगेत उभं रहायचं. मी मुंबईच्या बाजाराची गोष्ट सांगणार होते, टाऊन हॉलसमोर वडाखाली दलाल जमायचे, 1875 ला त्यांची संस्था झाली वगैरे, ते सगळं बाजूला ठेवलं आणि आजोबांच्या शेअरवरच तास घेतला. कारखान्यात एका सभासदाला एकच मत, त्याच्याकडे शेअर एक असो की पन्नास. कंपनीत जेवढे शेअर तेवढी मतं. कारखान्याचा शेअर आज विकायचा म्हटलं तर बाजार नाही, संचालक मंडळाकडे अर्ज करा. कंपनीचा शेअर सकाळी सव्वानऊ ते साडेतीनमधे कधीही विका, दुसऱ्या दिवशी पैसे, कारण 2023 च्या जानेवारीपासून सगळ्या शेअरना टी प्लस वन आहे. मग मी विचारलं, यातलं चांगलं कुठलं? ती मुलगी म्हणाली कारखान्याचा, कारण तो विकताच येत नाही म्हणून आजोबांनी 40 वर्षं ठेवला, पप्पांनी कधीच विकून टाकला असता. यावर मला काही बोलता आलं नाही. हे पुस्तकात नाही.

हळदीवरून तर सगळंच समजावता येतं. माझे वडील मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड बंद करून माती टाकायची, आत हळद वर्षानुवर्षं रहायची, कीड नाही काही नाही. भाव पटला नाही तर पेवात टाका आणि थांबा. वडील म्हणायचे, ज्याला घरात धान्य आहे त्यानेच पेवात हळद ठेवावी, उसनवारीवाल्याला पेव परवडत नाही, त्याला पडत्या भावात काढावी लागते. आता सांगा, कर्ज काढून किंवा फीच्या पैशातून शेअर घेऊ नयेत हे याहून सोपं कसं सांगणार? आणि मग 2005 चा महापूर आला, कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि वर्षानुवर्षं सुखरूप राहिलेली हळद कुजली. ज्यांची सगळी हळद तिथेच होती ते बसले. सगळं एका पेवात ठेवायचं नाही हे मुलं तेव्हापासून एकमेकांना ऐकवतात, कोणी वहीत एकच कंपनी लिहिली की बाकीचे ओरडतात, "एकच पेव, एकच पेव!"

2010 ला हळदीला कधी नव्हे तो भाव आला होता ते पण सांगते, पुढच्या हंगामात जो तो हळदच लावत सुटला आणि दोन वर्षांत भाव आपटले. दोन-तीन पोरांच्या घरी हे झालेलं आहे, त्यांना बबल शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही.

मग आकडे. चौकटीच्या कागदावर सेन्सेक्सचा, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, आलेख काढायला लावते, हाताने, पेन्सिलने. 2008 च्या जानेवारीत 21 हजार. ऑक्टोबरमधे 8 हजाराच्या खाली. परत 21 हजार कधी? मुलं म्हणतात 2009, कोणी म्हणतं 2010. 2010 च्या दिवाळीत एकदा जेमतेम 21 हजाराला शिवला आणि परत पडला, पुन्हा तिथे यायला 2013 चा ऑक्टोबर संपत आला. जवळजवळ सहा वर्षं. एक मुलगा बोटं मोजत म्हणाला, म्हणजे पाचवीत टाकले असते तर अकरावीत मुद्दल परत? हो बाळा, मधे थोडा लाभांश सोडला तर तेवढंच. एवढी शांतता मी त्या पार्किंगमधे कधी ऐकली नव्हती. आणि आलेख तिथे थांबवायचा नाही, पुढे न्यायचा, सप्टेंबर 2024 मधे 85 हजारांच्या वर. दोन्ही एकाच कागदावर दिसलं पाहिजे. "लॉंग टर्ममधे मार्केट वरच जातं" हे सगळे यूट्यूबवाले सांगतात, पण लॉंग म्हणजे किती लॉंग हे पंधरा वर्षांच्या पोराला त्याच्या शाळेच्या इयत्तेत मोजून दाखवल्याशिवाय कळत नाही.

त्याच कागदावर माझी पण एक फुली आहे. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,935 ने पडून 25,981 ला आला आणि 24 तारखेला, लॉकडाऊन लागायच्या दिवशी, मी माझे निम्मे म्युच्युअल फंड विकले. बँकेत मास्क लावून बसलेले, चार लोक म्हणाले आता 15 हजारला जाणार, मी बटण दाबलं. पुढच्या जानेवारीत तो 50 हजाराला लागला. मुलांना हे सांगताना पहिल्या वर्षी लाज वाटली होती पण आता मुद्दाम सांगते, कारण 31 वर्षं बँकेत काढलेली बाई घाबरून चूक करते हे त्यांना माहीत असलेलं बरं. आणि उलटं पण सांगते, सगळंच परत येत नाही. सत्यमचा शेअर 7 जानेवारी 2009 ला एका दिवसात 179 वरून 40 वर आला. जेट एअरवेजची विमानं 2019 ला बसली, लोक पुढे कितीतरी वर्षं आशेने शेअर धरून होते, 2024 च्या नोव्हेंबरमधे सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितली. थांबायचं हे बरोबर, पण कशावर थांबलोय ते बघायला नको का.

100 चे 50 झाले म्हणजे 50 टक्के पडला, मग परत 100 व्हायला किती टक्के वाढायला हवा? आठवीपासून अकरावीपर्यंत दर वर्षी निम्म्याहून जास्त मुलं ठोकून सांगतात 50. हा एक प्रश्न तुमच्या पेपरात चौकटीत छापा, मोठ्या माणसांची पण फजिती होईल.

बाकी ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), डिमॅटचे, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याचे चार्जेस, एका वर्षाच्या आत विकला तर 20 टक्के टॅक्स, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा, हे एका संध्याकाळीत उरकते, त्यात फार काही नाही, वहीत लिहून घ्या.

खरा अभ्यास म्हणजे कारणांची वही. प्रत्येकाने तीन कंपन्या निवडायच्या, खोट्या पैशाने, आणि का निवडल्या ते दोन ओळीत लिहायचं. "वाढतोय म्हणून" हे कारण चालत नाही. मागच्या वर्षी पाच जणांनी मिळून किर्लोस्कर ब्रदर्स घेतली, कारण पुण्याच्या पॅसेंजरने जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं आणि एकाचे काका तिथे कामाला. मी म्हटलं काका कामाला हे कारण नाही, पण सुरुवात आहे. मग तिचा वार्षिक अहवाल कंपनीच्या साइटवरून प्रिंट काढून आणला, जाडजूड, सगळं इंग्रजीत, मुलं हादरली. आम्ही त्यातले तीनच आकडे शोधले, विक्री किती, नफा किती, कर्ज किती, आणि मागच्या वर्षी किती होते. दोन संध्याकाळी गेल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 ला औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर कारखाना उभा केला, आधी लोखंडी नांगर आणि मग पंप, ही गोष्ट ओघात निघाली. कंपनी म्हणजे मोबाईलवर हलणारी रेघ नाही, तिथे भोंगा वाजतो आणि माणसं डबा घेऊन जातात, एवढं जरी त्यांच्या डोक्यात राहिलं तरी माझे पैसे वसूल. (कोणी गैरसमज करून घेऊ नका, ती घ्या असं मी सांगत नाहीये, माझ्याकडे एकही नाही.)

एक दिवस दहावीतला एक जण वही घेऊन आला, काकू मला ही विकायचीय. का रे? पडली. किती? बारा टक्के. कंपनीला काय झालं? माहीत नाही. तू लिहिलेलं कारण वाच. त्याने वाचलं, "आमच्या गल्लीत सगळे यांचाच रंग मारतात." मग आता मारायचे बंद झाले का? नाही. मग? तो दोन मिनिटं वहीकडे बघत बसला आणि म्हणाला, काकू मी फक्त किंमत बघत होतो. दोन महिन्यांनी त्यानेच विकली, पण तेव्हा दीड ओळीचं कारण लिहून आणलं होतं, की नवीन एक मोठी कंपनी रंगात उतरलीय आणि दुकानदार जास्त कमिशन मिळतं म्हणून तिचेच डबे पुढे करतायत. बरोबर की चूक देव जाणे. पण त्या कॅम्पवाल्या कोटवाल्याला हे तीन दिवसांत शिकवता येतं का विचारा.

हां, आणि चालू भाव मी वापरतच नाही. एक तर सेबीने जानेवारी 2025 मधे सांगितलं होतं की नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी शेअरचं नाव घेऊन मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत, शिकवण्याच्या नावाखाली टिप्स देणाऱ्यांना त्याने चाप बसतो. मी काही क्लासवाली नाही, तरी मी ते पाळते, आणि मला ते सोयीचंच आहे. जुने भाव असले की कोणाला घाई नसते.

आमच्या सोसायटीतले एक काका मात्र चिडून असतात, पोरांना जुगार शिकवता म्हणून. त्यांचा मान ठेवून सांगते, त्यांचेच साडेतीन लाख एका पतसंस्थेत 12 टक्क्यांच्या आशेने अडकलेत आणि बँकेच्या ठेवींना जो 5 लाखांपर्यंतचा विमा असतो तो पतसंस्थेला नसतो हे त्यांना पैसे अडकल्यावर कळलं. मग सुरक्षित काय आणि जुगार काय? आपल्या भागात महिन्याला पाच-दहा टक्के देतो म्हणून गंडा घालणारे जे जे आले त्यातले कितीतरी "शेअर मार्केटमधे गुंतवतो" असंच सांगत आले, आणि त्यांच्याकडे पैसे देणाऱ्यांत कोणी खरं शेअर मार्केट शिकलेलं नव्हतं म्हणून तर फसले. ज्याने हाताने आलेख काढलाय तो महिन्याला दहा टक्के ऐकल्यावर निदान हसेल तरी.

पालकांची एक वेगळीच गंमत. दोघातिघांनी मला विचारलं, काकू शिकवताच आहात तर माझ्या खात्यावर करू दे की त्याला थोडं थोडं, मोबाईल देतो. अहो नका देऊ! तुमच्या खात्यात एफ अँड ओ चालू असलं तर पोरगं रात्री काय दाबून ठेवेल तुम्हाला कळणार नाही. करायचंच असेल तर अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या नावाने डिमॅट उघडता येतं, पालक म्हणून सह्या तुमच्या, त्यात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) नाही, ऑप्शन नाही, घेतलं तर डिलिव्हरीच, म्हणजे शेअर खरोखर खात्यात जमा. मुलाच्या नावावरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात, टॅक्स वाचेल म्हणून करू नका, आणि अठरा पूर्ण झाले की केवायसी नव्याने. वाढदिवसाचे पाचशे-हजार त्यात टाका. पण वर्षभर वही लिहिल्यावर.

आता तुमच्याकडे मागणं. पूर्वी आपल्याच पेपरात अर्धं पान बारीक अक्षरात शेअरचे भाव यायचे. वडील भिंग घेऊन बघायचे, शेअर एक नव्हता तरी. ते कधीतरी बंद झालं, मोबाईलवर सगळं असतं म्हणून. पण मोबाईलवरचा भाव सेकंदासेकंदाला उड्या मारतो, तो बघून कोणी शिकत नाही, नुसती बोटं शिवशिवतात. कागदावरचा भाव हलत नाही. मुलाला तो बघून उठून जेवायला जाता येतं. तर आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, पाव पान द्या. पंचवीस-तीस कंपन्या पुरे, त्यात आपल्या भागातल्या चार असू देत. दर्शनी किंमत, बाजारभाव, वर्षातला वरचा आणि खालचा भाव, लाभांश. दहावीच्या पुस्तकातलेच शब्द वापरा, म्हणजे मुलांना ओळखीचे वाटतील आणि गणिताच्या सरांना वर्गात तो तुकडा नेता येईल. पुस्तकात दर्शनी किंमत शंभर असते आणि इथे एक किंवा दोन रुपये कशी, असं एखादं पोर विचारेल तरी.

दुसरं, रागावू नका, पण तुमचे मथळे. 4 जून 2024 ला, लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी सेन्सेक्स 4,390 ने पडला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे काय, सगळीकडेच पहिल्या पानावर "गुंतवणूकदारांचे 31 लाख कोटी बुडाले". तीन दिवसांनी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला, म्हणजे पडायच्या आधी होता त्याच्याही वर. मग ते 31 लाख कोटी तरंगले अशी बातमी मी आतल्या पानांतही शोधली, मला काही दिसली नाही. ज्यांनी त्या दिवशी विकले नाहीत त्यांचं काही बुडालं नव्हतं, आणि ज्यांचे ऑप्शन एक्सपायरीला शून्य झाले त्यांचं बुडालं ते परत आलं नाही. हा फरक एका वाक्यात लिहिता आला असता. मी तो अंक जपून ठेवलाय, दर वर्षी मुलांना दाखवते, तुमची बदनामी करायला नाही हो, शिकवायला.

तिसरं त्या जाहिरातीचं. जाहिरातीवर पेपर चालतो हे मला कळतं. पण शेअर बाजाराचा क्लास, सल्ला, कॅम्प असली जाहिरात घेताना सेबीचा नंबर मागायला काय हरकत आहे? सेबीच्या साइटवर नोंदणी असलेल्यांची यादी आहे, काउंटरवरच्या मुलाला दोन मिनिटं लागतील बघायला. नंबर नसेल तर निदान "सुट्टीतच कमवायला लागा" हे शब्द तरी काढायला लावा, बारा वर्षांच्या पोरासाठी आहे ते.

भाच्याचं विचाराल तर तो आता नोकरीला लागलाय, मित्रांचे पैसे फेडून झाले, बापाला अखेर मीच सांगितलं. मागच्या मे मधे दोन दिवस आला होता पार्किंगमधे, मुलांसमोर उभा राहून 3 हजारांचे 11 हजार कसे झाले आणि पुढे काय झालं ते सगळं बोलला. मुलांनी त्याला पहिलाच प्रश्न काय विचारला असेल? "दादा, तू नेमकं विकत काय घेतलं होतंस?"

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली

ता.क. तुमच्या कार्यालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर जानेवारी 2008 आणि ऑक्टोबर 2008 मधल्या कुठल्याही एकेका दिवसाचं भावाचं पान झेरॉक्स करून मिळेल का? पैसे भरते. माझ्याकडची पानं मुलांनी हाताळून फाटलीत आणि पुढच्या बॅचला अकरा नावं आली आहेत.